वेदना कोणाची, निदान कोणाचं?
तिरस्कार, मन आणि मराठी दलित आत्मकथनं : व्याख्यानाचं शब्दांकन



या मालेत आपण दर वेळी एक शब्द घेतो आणि तो कुठून निघाला, कुठे पोचला हे पाहतो. आजचा शब्द आहे ‘वेदना’. विषय असा, की ज्या समाजांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या इतरांचा तिरस्कार आला, त्यांच्या मनाचं काय होतं, आणि त्या मनांना आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं. तुम्ही म्हणाल, हा प्रांत मानसोपचारतज्ज्ञांचा. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने इथे काय बोलावं? शंका रास्त आहे. आम्ही कोणाच्या मनाचं निदान करणार नाही. पण मराठीत या दुखण्याची सर्वात बारीक नोंद दवाखान्याच्या केसपेपरांत सापडत नाही, ती दलित कथांत आणि आत्मकथनांत सापडते. ती नोंद आपण कशी वाचली हे तपासणं समीक्षेचं काम आहे. आमचं म्हणणं एवढंच, की ती आपण अर्धीच वाचली. जखम वाचली, जखम करणारा हात वाचायचा राहिला, आणि जखमी माणूस स्वतःला सावरतो कसा, हे वाचणारे तर फारच थोडे निघाले.

शब्दाची सोय

दलित साहित्याबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत एक त्रिसूत्री रुळलेली आहे: वेदना, विद्रोह आणि नकार. परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न येतो, विद्यार्थी ही तीन नावं लिहितो आणि गुण मिळतात. यातल्या विद्रोह आणि नकार या दोन शब्दांना निदान समोर कोणीतरी लागतो. विद्रोह कोणाविरुद्ध, नकार कशाला, हे विचारावंच लागतं. ‘वेदना’ हा शब्द मात्र एकटा उभा राहू शकतो. वेदना अमक्याची, एवढं म्हटलं की वाक्य पुरं होतं. ती कोणी दिली हे व्याकरण विचारत नाही.

ही सोय वाचकाच्या फार उपयोगी पडली. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. मध्यमवर्गीय वाचकाने ते डोळ्यांत पाणी आणून वाचलं. त्याच वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नामांतराला पुढे सोळा वर्षं लागली. ते नामविस्ताराच्या रूपाने १४ जानेवारी १९९४ ला झालं. एकाच महाराष्ट्रात एकाच वर्षी हे दोन्ही घडलं. रडणारे आणि जाळणारे एकच होते असं आम्ही म्हणत नाही. पण वेदनेबद्दल हळहळण्यासाठी तिच्या कारणाशी भांडावं लागत नाही, हे त्या वर्षाने दाखवून दिलं.

आता ‘वेदना’ या शब्दाचं मूळ बघा. बौद्ध विचारात वेदना म्हणजे केवळ दुःख नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी तिन्ही प्रकारची अनुभूती म्हणजे वेदना. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांत वेदनेच्या आधीची कडी आहे ‘स्पर्श’. इंद्रिय आणि विषय यांची गाठ पडते, तिथून वेदना उगवते. म्हणजे वेदना स्वयंभू नाही, ती कशाच्या तरी संबंधात जन्मते. आणि इथे तर प्रकार असा, की ज्या माणसांना शतकानुशतकं स्पर्शच नाकारला गेला, त्यांच्या वेदनेचा उगम त्या नाकारण्यात आहे. शब्दांचा खेळ म्हणून आम्ही हे सांगत नाही. मुद्दा इतकाच, की आधीची कडी झाकून वेदनेबद्दल बोलणं हे मूळ विचारातच बसत नाही.

बाबासाहेबांना ही अडचण फार स्वच्छ दिसली होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांबद्दलच प्रश्न उपस्थित केला आहे: ही बुद्धाची मूळ शिकवण आहे की मागाहून घातलेली भर? पंडितांनी यावर पुष्कळ वाद घातला. आम्हाला त्यात एक साधी गोष्ट दिसते. दुःखाचं मूळ दुःखिताच्या तृष्णेत शोधलं, किंवा त्याच्या गेल्या जन्माच्या कर्मात शोधलं, तर पाणवठ्यावरून हाकलला गेलेला माणूस स्वतःच्याच दुःखाला जबाबदार ठरतो. हे निदान त्यांनी मानलं नाही. त्यांच्या लेखी धम्म ही माणसामाणसांतल्या संबंधांची गोष्ट होती.

दुखापत आणि अपमान

दगड लागला तर दुखतं. त्यासाठी दगड मारणारा असावाच लागतो असं नाही. डोंगरावरून घरंगळून आला तरी लागतो. अपमानाचं तसं नाही. अपमान व्हायला समोर दुसरा माणूस लागतो, त्याची नजर लागते, आणि ती नजर खरी मानणारा भोवताल लागतो. अपमान ही एका मनात घडणारी घटना नाही, ती दोघांच्या मध्ये घडते. प्रा. गोपाळ गुरू यांनी २००९ साली अपमान याच विषयावर एक इंग्रजी ग्रंथ संपादित केला. आपल्या विद्यापीठीय तत्त्वज्ञानाने ज्याला विषयच मानलं नव्हतं, तो त्यांनी विचाराच्या ऐरणीवर आणला, ही मोठी गोष्ट.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जी गोष्ट दोघांच्या मध्ये घडते, तिचा उपचार एकाच बाजूला करून पुरा होत नाही. हे डोक्यात ठेवून आता काही पुस्तकं पाहू.

चोरलेली जात, दुभंगलेलं नाव

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो. खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. तिथेच काम करणारा काशिनाथ त्याच्याच जातीचा. तो जात लपवत नाही, आणि कोणी डिवचलं तर सरळ अंगावर जातो. शेवटी तरुणाची जात उघडी पडते, त्याला मारहाण होते, आणि काशिनाथच त्याला सोडवतो.

समीक्षेने या कथेतला विद्रोह वाखाणला. ठीकच आहे. पण कथेचा बहुतेक भाग मारहाणीचा नाही, तो मारहाणीच्या आधीचा आहे. बोलताना जीभ सांभाळणं, कोण काय विचारील याचा अंदाज घेत बसणं, कोणी प्रेमाने वागलं तरी ‘याला कळलं तर?’ हा प्रश्न मनात येणं. मार एका दिवसाचा, ही राखण चोवीस तासांची. आजचे मानसशास्त्रज्ञ याला सततची सावधगिरी म्हणतील, तिचा झोपेवर आणि शरीरावर होणारा परिणाम सांगतील. बागुलांनी ते १९६३ मध्ये कथेच्या बांधणीतच मांडलं. आणि काशिनाथ? तो लपवत नाही म्हणून मोकळा आहे का? त्यालाही सदैव तयारीत राहावं लागतं. एकाने भीती आत कोंडली, दुसऱ्याने राग बाहेर काढला. वातावरण बदललं नाही तर दोघांनाही विश्रांती नाही.

‘बलुतं’मध्ये हीच गोष्ट आणखी आत गेलेली आहे. त्या पुस्तकाची रचना आठवा. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो. दोघे एकच. दगडू हे गावचं, घरचं नाव. दया पवार हे कवीचं, शहरातल्या सभांमध्ये घेतलं जाणारं नाव. कित्येकांनी याला निवेदनतंत्र म्हटलं. आम्हाला ते तंत्राहून जास्त वाटतं. ज्याला आपलं आधीचं नाव उच्चारतानाही कोणीतरी पाहतंय असं वाटतं, त्याला आपली गोष्ट सांगायला आधी एक विश्वासू श्रोता लागतो. बाहेर तसा श्रोता नव्हता. म्हणून लेखकाने स्वतःचाच एक भाग श्रोता म्हणून समोर बसवला. पुस्तक आल्यावर आपल्याच समाजातल्या काहींनी त्यांना दूषणं दिली, की ही घाण कशाला चव्हाट्यावर मांडली? ती तक्रारही समजून घ्यायला हवी. ज्या घराकडे लोक आधीच नाक मुरडून बघतात, त्या घराच्या माणसांना दार उघडायची भीती वाटणारच. बोलणाऱ्याला दोन्हीकडून किंमत मोजावी लागते, हे ‘मोकळेपणाने बोला’ असा सल्ला देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

शिकलं, नोकरी लागली, आणि तरीही

आपल्याकडे एक समजूत आहे: शिक्षण झालं, नोकरी लागली, शहरात ब्लॉक घेतला की हा प्रश्न सुटतो. कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ हे १९८१ मधलं पुस्तक या समजुतीला उत्तर देतं. नागपूरच्या दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. होते. जी भाषा कानावर पडू नये म्हणून शास्त्रं लिहिली गेली, ती भाषा तिने आपली केली. कौतुक झालं, सत्कार झाले. नोकरी मात्र मिळेना. पुढे आंतरजातीय विवाह झाला, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे आलं, आणि नोकरी मिळाली. याचं श्रेय कोणत्या आडनावाला, हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. त्यात हुंदका नाही. हिशेब मांडावा तशा कोरड्या सुरात त्या सांगतात, आणि म्हणून ते जास्त लागतं.

या ठिकाणी ‘वेदना’ हा शब्द अपुरा पडतो. इथे जे मोडलं ते मन नव्हे, इथे प्रयत्न आणि फळ यांचा संबंध मोडला. माणूस जगावर विश्वास ठेवतो तो याच आधारावर, की केलं तर होईल. ती खात्री एकदा गेली की मिळालेलं यशही परकं वाटतं: हे माझं, की माझ्या नव्या आडनावाचं? अशा माणसाला आत्मविश्वासाचं शिबिर लावून काय उपयोग? तिचा आत्मविश्वास शाबूत होता. अविश्वास समोरच्या खुर्चीत बसला होता.

असाच दुसरा घोटाळा संशयाबाबत होतो. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ साली. पण ‘उचल्या’ वाचा, पोलीस वेळी-अवेळी झोपडीत शिरतातच. अशा घरात वाढलेला माणूस दारावर थाप पडली की दचकतो. दवाखान्यात त्याची नोंद ‘संशयी स्वभाव’ अशी होऊ शकते. वास्तविक हा त्याला अनुभवाने मिळालेला बोध आहे. आजार आणि बोध यांत फरक करायचा तर त्या माणसाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. तो ठाऊक नसेल, तर बरं करण्याच्या नावाखाली आपण त्याला त्याच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकवतो.

तिरस्कार खाली झिरपतो

आतापर्यंतचं ऐकून कोणी म्हणेल, सगळा दोष बाहेर आहे, आत सारं निर्मळ. आत्मकथनं असं म्हणत नाहीत. तोच त्यांचा प्रामाणिकपणा. फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकात आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. महारवाड्यातल्या सुनांचे हाल त्यांनी जसे लिहिले तसे क्वचितच कोणी लिहिले असतील. त्या कारणही सांगतात: वरच्यांनी ज्यांना गुलाम केलं, त्यांनी घरातल्या सुनेला गुलाम केलं. गावात जे बोलता येत नाही ते घरात निघतं. आषाढात बायकांच्या अंगात येतं, त्याचंही वर्णन त्यांनी केलं आहे. अंधश्रद्धा म्हणून त्या त्यावर सडकून टीका करतात. त्या टीकेला धरूनच आम्हाला आणखी एक गोष्ट दिसते. जिला वर्षभर कोणी विचारत नाही, तिच्यापुढे त्या घटकेला सगळे हात जोडतात. दुःखाला बोलायला दुसरी जागा नसली की ते अशी वाट काढतं.

आणि हे लिहिणाऱ्या बेबीताईंनी स्वतः काय केलं? त्या किराणा मालाचं छोटं दुकान चालवत. पुड्या बांधायला येणाऱ्या रद्दी वर्तमानपत्रांतून वाचनाची गोडी लागली. लिहिलेले कागद नवऱ्यापासून लपवून ठेवले, आणि ते वीस वर्षं तसेच लपलेले राहिले. स्वतःच्या संसारातली मारहाण त्यांनी पुस्तकात घातली नाही. ती पुढे इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत आली. असं का? पुस्तकाच्या नावात उत्तर आहे. ‘जिणं माझं’ नाही, ‘जिणं आमुचं’. त्यांना आधी समाजाचं बोलायचं होतं. या ‘आम्ही’ने त्यांना बळ दिलं आणि याच ‘आम्ही’ने त्यांच्या ‘मी’ला काही काळ गप्पही ठेवलं. आधाराचा विचार करताना ही दोन्ही टोकं धरावी लागतात. समाजाचा आधार मोठा, पण त्या समाजातही जिला बोलायला भीती वाटते तिच्यासाठी वेगळी खोली लागते.

सावरण्याची जुनी साधनं

आता जे कमी वाचलं गेलं तिकडे येऊ. ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ २००३ चं. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी, सुपं, टोपल्या. त्यांची आई ती विणून घर चालवायची. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचं नातं त्या स्वतः सांगतात. दुःखाची वीण दोन्हीकडे एकच, असा त्यांचा भाव. पण विणणं म्हणजे नुसतं दुःख नव्हे. त्यातून रोजचा बाजार होतो, हाताला काम राहतं, शेजारी बसून बायका बोलतात. कोणी याला उपचार म्हटलं नाही, पण तोल राखण्याचं काम त्याने केलं.

याच नजरेने आंबेडकरी जलशांकडे पाहा, वामनदादा कर्डकांच्या गाण्यांकडे पाहा. दिवसभर गिरणीत, नाक्यावर अपमान गिळलेला माणूस रात्री वस्तीत गाणं ऐकतो, आणि ज्या नावाने त्याला हिणवलं जातं त्याच नावाचा अभिमान शेकडो गळ्यांतून ऐकतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडलं त्याचा धर्मशास्त्रीय विचार पुष्कळ झाला. मनाच्या अंगाने पाहिलं, तर लाखो माणसांनी एका दिवसात स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेने पाहणं नाकारलं. आजही दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि लोक पिशव्या भरून पुस्तकं नेतात. त्यातला आधार ओळखायला आपली समीक्षा आणि आपलं मानसशास्त्र दोन्ही उशिरा जागे झाले.

मग दवाखाना नकोच का?

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. तिरस्काराचं मूळ समाजात आहे हे मान्य. पण आज रात्री ज्याला झोप लागत नाही, ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, त्याला ‘आधी समाज बदलू दे’ असं सांगणार का?

नाही. तसं सांगणं क्रूरपणाचं होईल. इथे फ्रांत्झ फॅनन आठवतो. मार्टिनिकमध्ये जन्मलेला हा काळा मनोविकारतज्ज्ञ १९५३ साली अल्जीरियातल्या ब्लिदा इथल्या मनोरुग्णालयात रुजू झाला. त्याने फ्रान्समध्ये शिकलेल्या पद्धतीने रुग्णांसाठी सिनेमा, गाणी, समारंभ असे कार्यक्रम सुरू केले. युरोपीय स्त्रियांच्या कक्षात ते चालले, मुस्लिम पुरुषांच्या कक्षात फसले. मग त्याने त्या माणसांचं रोजचं जगणं समजून घेतलं. त्यांच्या पद्धतीचं कॉफीगृह उभं केलं, कथेकरी बोलावला, त्यांचे सण साजरे केले. तेव्हा माणसं बोलू लागली. म्हणजे त्याने दवाखाना सोडला नाही, दवाखाना बदलला. पण १९५६ च्या अखेरीस त्याने राजीनामा दिला, कारण जी राजवट माणसाला स्वतःच्या देशात परका करते तिच्या आत राहून मन बरं करण्याचं काम पुरं होऊ शकत नाही, असं त्याला दिसलं. त्याची ही दोन्ही कामं एकमेकांना पुरी करणारी आहेत. रुग्णाला आजच हात द्यायचा, आणि जखम करणाऱ्या व्यवस्थेला ‘आजारी तो आहे’ असं म्हणू द्यायचं नाही.

हे दुसरं आपल्याकडे किती अवघड आहे बघा. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठातला संशोधक रोहित वेमुला याने आत्महत्या केली. पुढे चर्चा कसली रंगली? त्याची जात नेमकी कोणती याची. केंद्राने नेमलेल्या एकसदस्य आयोगाने कारण वैयक्तिक असल्याचा निष्कर्ष काढला. भेदभाव हे कारण मानलं नाही. आत्महत्येला एकच कारण असतं असं कोणताही जाणकार म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. पण ‘वैयक्तिक’ हा शब्द इथे जे काम करतो, तेच काम पाठ्यपुस्तकात ‘वेदना’ हा शब्द करतो. दोन्ही दार बाहेरून लावून घेतात.

आणि माहिती नव्हती असंही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये आरक्षित प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना कसं वागवलं जातं याची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली, तिचा अहवाल २००७ चा आहे. वर्गातली, वसतिगृहातली, परीक्षेतली वागणूक त्यात नोंदलेली आहे. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेबाबतचे विनियम केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर स्पष्ट म्हटलं, की जात, धर्म, लिंग, लैंगिक कल, वर्ग अशा कोणत्याही कारणावरून भेद न करता मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा हक्क आहे, आणि कोणी अमक्या गटाचा आहे म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. कागद चांगला आहे. तो वाचणारी माणसं घडवणं बाकी आहे.

मग आधार म्हणजे काय? पुस्तकांनी जे शिकवलं तेवढंच सांगतो. पहिली गोष्ट, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणं. ‘तुला तसं वाटलं असेल’ हे वाक्य सहानुभूतीचं वाटतं, पण ते साक्ष फेटाळतं. दुसरी, त्याच्याकडून शिकवणी न घेणं. दुखावलेल्या माणसाने आधी आपल्याला जातीचा इतिहास समजावून सांगावा आणि मग आपण त्याला मदत करावी, हा उलटा व्यवहार झाला. ग्रंथालयं उघडी आहेत. तिसरी, त्याने स्वतः उभी केलेली साधनं ओळखणं. गाणं, वाचनालय, मैत्रिणींचा गट, विहार, यांना उपचाराच्या जोडीला बसवणं. चौथी सर्वात महत्त्वाची: ज्या कार्यालयात, वर्गात, वसतिगृहात अपमान झाला तिथली वागणूक बदलणं. तक्रार करणाऱ्याला समुपदेशकाकडे धाडून अपमान करणाऱ्याला खुर्चीवर तसंच बसू दिलं, तर संस्थेने निदान उलटं केलं असं समजा.

आणि हे ऐकणाऱ्यांपैकी कोणाला आत्ता असह्य होत असेल, तर टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं. मदत मागितल्याने तुमचा राग खोटा ठरत नाही.

इथे थांबतो. एखाद-दुसरा प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, शहरांत तरी आता हा तिरस्कार उरलेला नाही, असं वाटत नाही का?

उत्तर : बागुलांची कथा खेड्यातली नाही, ती रेल्वेतल्या नोकरीची आणि भाड्याच्या खोलीची आहे. शहरात तिरस्कार सहसा मोठ्याने बोलत नाही. तो आडनाव विचारतो, ‘तुम्ही मूळचे कुठले’ विचारतो, मार्कांची चौकशी करतो, आणि उत्तर ऐकून जरासा थांबतो. तो थांबणं ज्याला कळतं त्याला कळतंच. ज्याला कधी ते ओळखावं लागलं नाही, त्याने ‘ते नाहीच’ असं म्हणण्याची घाई करू नये.

प्रश्न : मी समुपदेशनाचा अभ्यासक्रम करते. समोर आलेल्या व्यक्तीला जात विचारावी का? विचारली तर दुखावेल, नाही विचारली तर मुद्दाच राहील, अशी अडचण होते.

उत्तर : प्रश्न चांगला आहे आणि नेमका आहे. फॉर्मवरच्या रकान्यासारखी विचारू नका. त्या रकान्याने त्यांना आयुष्यभर गाठलेलं असतं. पण ती बोलता येईल अशी जागा ठेवा. ‘कामाच्या ठिकाणी, कॉलेजात कोणी वेगळं वागवतं का?’ एवढं सहज विचारता येतं. समोरची व्यक्ती सांगू लागली, तर विषय लगेच बालपणाकडे किंवा स्वभावाकडे वळवू नका. आणि नाही सांगितलं तर ओढून काढू नका. दगडूला दया पवारांशी बोलायला किती वर्षं लागली ते आठवा. तुमच्या खोलीत पहिल्या तासाला ते झालं नाही, तर दुसऱ्या तासाला त्यांना पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे, तेवढं सांभाळा.